नववी ते बारावी: संशोधन प्रकल्प आणि प्रोग्रॅमिंग एकाच मोजमापांवर शिकवता येईल का?

निळी शाई (धागाकर्ती)

नमस्कार. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका विद्यालयात आणि त्याला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवते. नववीचे विज्ञान आणि अकरावी-बारावीचे संगणकशास्त्र असे दोन्ही वर्ग माझ्याकडे असल्यामुळे एक गोष्ट सतत जाणवते. नववीची मुले प्रकल्पवहीत संकेतस्थळांवरचा मजकूर उतरवून काढतात आणि अकरावीची मुले जर्नलमध्ये फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवून काढतात. वह्या सुबक असतात, गुणही चांगले मिळतात. परंतु ‘हा आकडा कोणी मोजला?’ किंवा ‘ही ओळ काढली तर उत्तर काय येईल?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. माझ्या मते या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे: काम सुरू करण्यापूर्वी मुलाला स्वतःचा अंदाज बांधावा लागत नाही, आणि त्यामुळे समोर आलेले उत्तर बरोबर की चूक याच्याशी त्याचे काही देणेघेणे राहत नाही.

म्हणून मी दोन्ही वर्ग एकाच कामाला जोडले. नववीच्या मुलांनी पावसाळाभर शाळेच्या आवारात पाऊस मोजायचा आणि अकरावीच्या मुलांनी त्याच नोंदींवर प्रोग्रॅम लिहायचे. साधन अगदी साधे आहे. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, तळाचा उंचसखल भाग सिमेंटने भरून सपाट करायचा आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. बाटली भिंतीपासून भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवायची, आणि हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे रोज सकाळी साडेआठला माप घ्यायचे. बाटली रुंद असली तर जास्त पाऊस दिसेल का, हा प्रश्न मुले पहिल्याच दिवशी विचारतात. त्याचे उत्तर मी सांगत नाही. दोन वेगवेगळ्या व्यासांच्या बाटल्या शेजारी ठेवायला सांगते आणि मोजण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घेते.

खरा अभ्यास मात्र रविवारमुळे घडतो. रविवारी शाळा बंद, त्यामुळे सोमवारी मिळणारे माप दोन दिवसांचे असते. समजा, सोमवारी ४ मिलिमीटर भरले. काही मुलांनी रविवारपुढे शून्य आणि सोमवारपुढे ४ लिहिले, काहींनी दोन्ही दिवसांना २-२ वाटून दिले, तर काहींनी रविवारची जागा मोकळी ठेवली. महिन्याची बेरीज तिन्ही वह्यांत सारखीच येते. पण २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच हवामान खाते तो ‘पावसाचा दिवस’ धरते. त्या व्याख्येने पहिल्या वहीत पावसाचा एक दिवस निघतो, दुसरीत एकही निघत नाही आणि तिसरीत सांगताच येत नाही. सरासरी काढताना महिन्याच्या सगळ्या ३० दिवसांनी भागायचे की रविवार वगळून, हा वाद वेगळाच. अकरावीच्या मुलांना याच नोंदींवर प्रोग्रॅम लिहायचा असल्यामुळे ती नववीच्या वर्गात जाऊन ‘तुम्ही मोकळी जागा का सोडली?’ असे विचारू लागली. त्या वादात नववीला मोजमापाची जबाबदारी कळली आणि अकरावीला ‘इफ’ची, म्हणजे ‘असे असेल तरच’ या अटीची, गरज.

आता माझे प्रश्न मांडते. अशा कामाला गुण कसे द्यावेत? संगणक थोडे आणि मुले अधिक असताना प्रात्यक्षिकाची तासिका कशी आखावी? आणि प्रश्न निवडण्याचे शिक्षण मुलांना नेमके कसे द्यावे?

अर्धविराम

धागा अतिशय आवडला. मी पुण्यात सीबीएसईच्या शाळेत अकरावी-बारावीला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. तुम्ही वर्णन केलेले काम संगणकशास्त्राच्या शिक्षणात एका वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. एलिअट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात ‘पावसाचा प्रश्न’ म्हणून ओळखली जाणारी एक कृती विद्यार्थ्यांना दिली होती: आकडे एकामागून एक घ्या, ९९९९९ आला की थांबा आणि आधीच्या आकड्यांची सरासरी सांगा. प्रश्न दिसायला सोपा आहे, तरीही प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम घेतलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना तो नीट सुटला नाही. कोणी ९९९९९ हाच आकडा बेरजेत धरला, तर एकही माप नसताना शून्याने भागाकार होईल याचा विचार कोणी केला नाही. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे), अट, बेरीज आणि मोजणी हे सुटे सुटे येत असले तरी ते एकमेकांत गुंफणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते स्वतंत्रपणेच शिकवावे लागते.

त्यासाठी वर्गात उपयोगी पडलेल्या दोन पद्धती सांगतो. पहिली लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये असताना स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली आणि ‘प्रिम’ या नावाने ओळखली जाणारी. तिच्यात मुले प्रथम दिलेला प्रोग्रॅम वाचून तो काय करील याचा अंदाज लिहितात, मग तो चालवून पाहतात, त्याच्या एकेका ओळीची चौकशी करतात, नंतर त्यात बदल करतात आणि सर्वांत शेवटी स्वतःचा प्रोग्रॅम लिहितात. आपल्याकडे नेमके उलटे होते. पहिल्याच तासाला कोरा पडदा पुढे ठेवून ‘लिहा’ असे सांगितले जाते, आणि ज्याला जमत नाही तो शेजाऱ्याचे उतरवतो.

दुसरी पद्धत डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडली. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी वेगळ्या करून, क्रम विस्कटून मुलांना द्यायच्या आणि त्या योग्य क्रमाने लावायला सांगायच्या. मी जाड कागदाच्या पट्ट्या करतो आणि त्यांवर मराठीतच लिहितो: ‘एकूण = ०’, ‘दिवस = ०’, ‘यादीतले प्रत्येक माप घे’, ‘माप उपलब्ध असेल तर’, ‘एकूण = एकूण + माप’, ‘दिवस = दिवस + १’, ‘एकूण भागिले दिवस दाखव’. त्यांत एक फसवी पट्टी मुद्दाम मिसळतो, उदाहरणार्थ ‘एकूण = माप’. ती पट्टी का नको, हे ज्या गटाला पटवून देता येते त्याला लूप समजला असे मी मानतो. यासाठी संगणक लागत नाही, आणि टंकलेखन न जमणारा मुलगाही मागे पडत नाही.

‘एकूण = एकूण + माप’ या ओळीवर मात्र थोडे थांबावे. बीजगणितात मुरलेल्या हुशार मुलांना ती अशक्य वाटते, कारण त्यांच्या दृष्टीने ते समीकरण असते आणि त्यातून माप शून्य आहे एवढेच निघते. फळ्यावर चलांचा तक्ता काढून प्रत्येक फेरीला जुनी किंमत खोडून नवी लिहायची, म्हणजेच पूर्ण ड्राय रन करायचा, याला मला तरी दुसरा पर्याय सापडलेला नाही.

कोयनाकाठ

मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या प्रकल्पांना अनेक वर्षे मार्गदर्शन केले. १९९३ पासून चालत आलेल्या या उपक्रमात १० ते १७ वर्षांची मुले आपल्या परिसरातील प्रश्न घेऊन उतरतात, आणि तेथे अहवालाइतकेच दैनंदिन नोंदवहीलाही महत्त्व असते. म्हणून निळी शाई यांच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल अधिकाराने थोडे लिहितो.

मुले पहिल्या दिवशी जे आणतात तो विषय असतो, प्रश्न नसतो. ‘जलप्रदूषण’, ‘प्लॅस्टिकचे दुष्परिणाम’, ‘सेंद्रिय शेती’. हे विषय नाकारू नयेत, कारण मुलाची आस्था त्यात असते; पण त्यांना एकेक चाळणी लावत न्यावे. ‘जलप्रदूषण’ आणणाऱ्या मुलीला मी विचारतो, कोणते पाणी? ती म्हणते, आमच्या आळीच्या विहिरीचे. त्यात काय पाहणार? गढूळपणा. तो कशाने मोजणार? येथे ती थांबते, आणि संशोधनाची सुरुवात येथूनच होते. काचेच्या उंच भांड्याच्या तळाशी काळी फुली ठेवून, ती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचे आणि पाण्याची उंची मोजायची, ही युक्ती तिला स्वतःला सुचेपर्यंत धीर धरावा; फारच अडले तर सुचवावी. मग पुढचा प्रश्न: पावसाआधी आणि पावसानंतर या उंचीत किती फरक पडेल असे तुला वाटते, आणि का? एवढे एका पानावर लिहून झाले की प्रकल्पाचा अर्धा भाग झाला असे मी समजतो. एका सत्रात मोजून होणार नाही, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे किंवा ज्याच्या उत्तराने कोणालाच काही कळणार नाही, असा प्रश्न बाजूला ठेवायला मुलांना शिकवावे.

मात्र एका बाबतीत माझा मतभेद आहे. संगणक लवकर आणू नये. पहिल्या महिन्याच्या नोंदी आलेखकागदावर हाताने काढल्याशिवाय मुलांना आकड्यांचा अदमास येत नाही. यंत्राने काढलेल्या आलेखात एखादे माप ४० च्या जागी ४०० झाले तरी अक्ष आपोआप बदलतो आणि मूल ते मुकाट्याने स्वीकारते. हाताने काढताना तो बिंदू कागदाबाहेर जातो आणि मूल थबकते.

मोकळे रान

सर्वांबद्दल आदर ठेवून एक अडचण मांडतो. मी राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. संगणकशास्त्राच्या दोन पेपरांत मिळून सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल, नेटवर्किंग आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर एवढे सगळे उरकायचे असते. मुले हा विषय घेतात ती मुख्यतः गुणांसाठी, आणि त्यांचा निम्मा दिवस प्रवेशपरीक्षांच्या क्लासमध्ये जातो. अशा वेळी पाऊस मोजत बसलो तर पालक थेट प्राचार्यांकडे जातील. पट्ट्या लावणे आणि अंदाज लिहिणे यासाठी तासिका कोठून आणायच्या? ज्या शाळांत वर्ग लहान आणि वेळ भरपूर आहे त्यांच्यासाठी हे ठीक आहे. आमच्यासाठी हे व्यवहार्य आहे असे कृपया गृहीत धरू नये.

निळी शाई (धागाकर्ती)

मोकळे रान, तुमची अडचण खरी आहे आणि ती माझीही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वेळाबद्दल आधी. अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय सर्वांना असतो आणि त्यात प्रकल्प करावाच लागतो. बहुतेक ठिकाणी तो प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातल्या छापील तक्त्यांवर पार पडतो. पर्यावरणाच्या शिक्षकांशी बोलून आम्ही पर्जन्यमापन त्यात घातले. त्यामुळे मोजण्याचा वेळ तेथून मिळतो आणि संगणकाच्या तासिकेला नोंदी तयार असतात.

अभ्यासक्रमाबद्दल सांगायचे तर आमच्याकडे वेगळा धडा नाही. ॲरे (एका नावाखाली ठेवलेली आकड्यांची यादी) शिकवताना पुस्तकातल्या कोणत्याही दहा आकड्यांऐवजी जुलै महिन्याची मापे घ्यायची, शोधणे आणि क्रमवारी लावणे शिकवताना सर्वाधिक पावसाचे दिवस काढायचे. नसलेल्या मापासाठी उणे एक लिहायचे असे वर्गाने ठरवले, आणि मग तो उणे एक बेरजेत मिसळू न देणे ही प्रत्येकाची जबाबदारी झाली. ८०८५ शीही याचा थेट संबंध आहे. त्याचा ॲक्युम्युलेटर, म्हणजे बेरीज जेथे साठते ती जागा, आठ बिटांचा, म्हणजे त्यात २५५ पर्यंतचीच संख्या मावते. मालिकेतल्या संख्यांची बेरीज करण्याचा प्रोग्रॅम परीक्षेच्या दृष्टीने नेहमीचाच, आणि त्यात कॅरी, म्हणजे आठ बिटांत न मावणारा हातचा, वेगळा का मोजायचा हे मुले पाठ करतात. आमच्या भागात जुलैतल्या एका आठवड्याची बेरीजसुद्धा २५५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकते. तो आठवडा मुलांनी स्वतः भिजत मोजलेला असतो, त्यामुळे उत्तर अचानक लहान आले की ती स्वतःहून विचारतात, ‘बाई, उरलेला पाऊस गेला कुठे?’ कॅरी फ्लॅग, म्हणजे हातचा आल्याची खूण, त्यानंतर सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही.

एचटीएमएल आणि नेटवर्किंग मात्र मी नेहमीप्रमाणेच शिकवते. सगळे काही एका धाग्यात ओवायचा हट्ट मी धरत नाही.

कोयनाकाठ सर, आलेखकागदाचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. नववीला संगणक द्यायचाच नाही, असे आता ठरवते.

पूर्वरंग

मी न्यू जर्सीत एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये शिकवते. आमच्याकडे हे दोन्ही विषय स्वतंत्र आहेत आणि दोन्ही कॉलेज बोर्डाच्या एपी योजनेत, म्हणजे हायस्कूलमध्येच महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास करण्याच्या योजनेत, येतात. एपी रिसर्च या वर्गात विद्यार्थी वर्षभर एकच प्रश्न घेतो आणि ४००० ते ५००० शब्दांचा प्रबंध लिहितो. प्रबंधाला ७५ टक्के आणि सादरीकरण व तोंडी समर्थन यांना मिळून २५ टक्के भार असतो. तोंडी समर्थनात परीक्षक विचारतात की ही पद्धत का निवडली, दुसरी का नाही, आणि या निष्कर्षाची मर्यादा कोणती. ज्या मुलाने काम केले आहे त्याला हे प्रश्न आवडतात.

गुणांच्या बाबतीत तुम्हाला उपयोगी पडेल असा एक बदल येथे अलीकडे झाला. एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्समध्ये विद्यार्थी स्वतःचा प्रोग्रॅम तयार करतो आणि त्याला ३० टक्के भार आहे. पूर्वी प्रोग्रॅमसोबतचे लेखी स्पष्टीकरणही तो वर्गातच तयार करून पाठवत असे. २०२४ च्या परीक्षेपासून प्रोग्रॅम आधी जमा होतो आणि त्यावरील प्रश्नांची उत्तरे परीक्षेच्या सभागृहात लिहावी लागतात; समोर केवळ आपल्याच प्रोग्रॅमचे निवडक भाग असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायला सरसकट बंदी नाही, परंतु आपल्या प्रोग्रॅममधील प्रत्येक ओळ स्वतःला समजावून सांगता आली पाहिजे. रिसर्चच्या वर्गातही ठरावीक टप्प्यांवर शिक्षकाशी प्रत्यक्ष बोलून आपले काम आपलेच असल्याचे दाखवावे लागते. असे टप्पे वर्षाच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात घालावेत असे मी आग्रहाने सांगेन, कारण शेवटच्या आठवड्यात संशय आला तरी काहीच करता येत नाही.

अर्धविराम

पूर्वरंग यांच्या मुद्द्याला जोडून आमच्याकडची स्थिती सांगतो. सीबीएसईच्या बारावीच्या संगणकशास्त्रात प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत: लॅब टेस्टला १२, फाइलला ७, प्रोजेक्टला ८ आणि तोंडी परीक्षेला ३. ज्यातून मुलाची समज सर्वांत स्पष्ट कळते त्या भागाला सर्वांत कमी गुण, हे मला पटत नाही. बोर्डाचे वाटप आपल्या हाती नसले तरी शाळेअंतर्गत चाचण्यांचे असते. मी प्रोजेक्टचे अंतर्गत मूल्यमापन संगणकासमोर बसवून करतो. मुलाच्या प्रोग्रॅममधली एक ओळ त्याच्यादेखत बदलतो आणि आता काय होईल ते विचारतो. त्याने अंदाज सांगायचा आणि मग चालवून पाहायचे. अंदाज चुकला आणि त्याला कारण शोधता आले तरी पूर्ण गुण. पाच मिनिटांत जेवढे कळते तेवढे चाळीस पानी फाइल वाचून कळत नाही.

थोड्या संगणकांबद्दल: दोघांत एक संगणक ही मला अडचण वाटत नाही, उलट मी तशीच मांडणी करतो. एकाने कीबोर्ड हाताळायचा, दुसऱ्याने पुढची पायरी सांगायची आणि चुका धरायच्या. थोड्या थोड्या वेळाने शिट्टी वाजली की अदलाबदल. अदलाबदल सक्तीची हवी. ती मुलांच्या मर्जीवर सोडली तर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच शेवटपर्यंत टंकत राहतो, आणि बहुतेक वेळा बाजूला बसून वहीत उतरवून घेण्याचे काम मुलीच्या वाट्याला येते. हे आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि आपण ते चालू देतो, याचे मला फार वाईट वाटते.

तिसरी ओळ

मी शिक्षक नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझी मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पायथॉन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात, म्हणजे ‘पाऊस’ आणि ‘एकूण’ ही नावे थेट चालतात. शिवाय मुलांनी देवनागरी अंकांत लिहिलेली नोंद मजकूर म्हणून वाचली तर तिचे संख्येत रूपांतरही होते. प्रोग्रॅममध्ये थेट लिहायच्या संख्या मात्र इंग्रजी (0 ते 9) अंकांतच लागतात, आणि मूळ आज्ञाही इंग्रजीतच राहतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपण दिलेला, हा फरक यामुळे डोळ्यांना लगेच दिसतो. दुसरे असे की आमच्या कामात नवे लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचे वाचण्यात जास्त वेळ जातो. एका गटाचा प्रोग्रॅम दुसऱ्या गटाला वाचायला द्यावा आणि त्यांनी शंका लेखी कळवाव्यात. हे बारावीपर्यंत जमले तर पुढे त्यांचा फार वेळ वाचेल.

कोयनाकाठ

नोंदींच्या तपासणीबद्दल एक उदाहरण राहून गेले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच २४ तासांत कुलाब्याची नोंद ७५ मिलिमीटरच्याही आत होती. हे दोन आकडे शहराचे नाव न सांगता वर्गात द्यावेत आणि यातला कोणता चुकीचा वाटतो असे विचारावे. मुले ९४४ खोडतात. मग खरा प्रसंग सांगावा. विचित्र दिसणारे माप खोडण्याआधी ते कोणी घेतले, कशाने घेतले आणि शेजारच्या केंद्रावर काय होते हे पाहायचे असते, ही शिस्त त्यातून लागते. त्याच दोन केंद्रांची सरासरी काढून ‘मुंबईत एवढा पाऊस पडला’ असे म्हणता येईल का, हा पुढचा प्रश्न अकरावीसाठी ठेवावा.

मोकळे रान

८०८५ च्या कॅरीचे उदाहरण मी येत्या सत्रात वापरणार आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पाची जोडणी आमच्या महाविद्यालयात शक्य आहे का, हे प्राचार्यांना विचारून कळवतो. संपूर्ण योजना राबवणे मला अजूनही अवघड वाटते. एका तुकडीपुरती करून पाहीन.

निळी शाई (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून शाळेअंतर्गत गुणांची मांडणी बदलते आहे. नोंदवही आणि त्यातले आधी लिहिलेले अंदाज यांना निम्मे गुण, अर्धविराम यांच्या पद्धतीच्या तोंडी चाचणीला त्याखालोखाल, आणि अंतिम अहवालाला सर्वांत कमी. अंदाज चुकला म्हणून गुण कापले जाणार नाहीत; तारीख न घालता मागाहून लिहिलेल्या अंदाजाला मात्र गुण मिळणार नाहीत. रविवारच्या नोंदीसाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची पाळी लावण्याचा विचार होता, पण तो मी सोडून दिला. रविवार मोकळाच राहू दे, त्यातूनच मुले सर्वाधिक शिकतात.

मोकळे रान, तुम्ही एका तुकडीपुरते करणार असाल तर दोन शाळांच्या नोंदी एकमेकांना देता येतील. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात बाटल्या तयार करून ठेवू. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो. आपली मापे त्याच्याशी ताडून पाहता येतील. बाटली कशी कापायची, पट्टी कोठून सुरू करायची आणि नोंदवहीचे रकाने कोणते, हे एका पानावर लिहून याच धाग्यात टाकते. आणखी कोणाची शाळा सहभागी होणार असेल तर कृपया तालुका तेवढा कळवावा.